बारा-चाळीस : एका सेकंडहँड एक्सपल्सच्या गिअरिंगचं प्रकरण

गाडी हिरो एक्सपल्स २००, २०१९ चं मॉडेल, फ्युएल इंजेक्शनवाली, दुसऱ्या हाताची. मालक तळेगावात राहणारा, चाकणला शिफ्टमध्ये नोकरी करणारा तरुण. आठवड्याचे पाच-सहा दिवस कारखाना आणि घर, रविवारी पवन मावळातल्या मुरमाच्या वाटा. तक्रार एका वाक्यात सांगण्यासारखी होती: "दादा, गाडी चढावर दम टाकते, क्लच जळाल्याचा वास येतो." उपायही तो ठरवूनच आला होता. मोकळा सायलेन्सर, ओपन एअर फिल्टर आणि १२/४२ चं स्प्रॉकेट, म्हणजे चेन ज्यांवर फिरते त्या दातेरी चाकांची जोडी: पुढच्या, इंजिनकडच्या चाकाला १२ दात आणि मागच्याला ४२. खिशात वीस हजार.

यातलं शेवटचं सोडलं तर बाकीचं मी पहिल्या बैठकीतच खोडलं. मोकळ्या सायलेन्सरने १८ पीएसच्या (अश्वशक्तीच्या) इंजिनाला चढावर काही मिळत नाही, मिळतो तो आवाज. पुण्यात जप्त केलेल्या सायलेन्सरवर रोडरोलर फिरतानाचे फोटो सगळ्यांनीच पाहिलेत. ओपन फिल्टरचं तर नावच काढू नये. मावळातला जानेवारीतला फुफाटा आणि कोकणातली जांभ्याची लाल धूळ कपड्यातून आरपार जाते, ती सिलिंडरमध्ये गेली की रिंगा आणि बोअर दोन्ही घासतात. त्यात इंजेक्शनच्या गाडीला हवा वाढवून दिली आणि पेट्रोलचं मॅपिंग (किती पेट्रोल सोडायचं याचं कोष्टक) तसंच ठेवलं, तर हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडून, म्हणजे लीन होऊन, इंजिन आणखी तापतं. हवेवर थंड होणाऱ्या इंजिनाला ते परवडत नाही.

राहिला गिअरिंगचा प्रश्न. त्यात मात्र तो निम्मा बरोबर होता.

गाडी काय आहे, काय नाही

मे २०१९ मध्ये एक्सपल्स २०० आली तेव्हा दिल्लीची एक्स-शोरूम किंमत कार्ब्युरेटरला ९७,००० आणि इंजेक्शनला १,०५,००० रुपये होती. त्या पैशांत पुढे २१ इंची आणि मागे १८ इंची तारांची चाकं, पुढे १९० आणि मागे १७० मिलिमीटर सस्पेन्शन ट्रॅव्हल (चाक वर-खाली होण्याचं अंतर), २२० मिलिमीटर ग्राउंड क्लिअरन्स. त्याआधी हिरोनेच २०११ मध्ये इम्पल्स काढली होती. दीडशे सीसी, साधारण १३ पीएस. चॅसी चांगली आणि इंजिन अपुरं म्हणून लोक तिच्यात करिझ्माचं इंजिन बसवायचे. एक्सपल्सला तसली शस्त्रक्रिया लागली नाही, पण रोग त्याच जातीचा आहे. १९९.६ सीसीच्या इंजिनाची १८.४ पीएस ताकद ८,००० आरपीएमला आणि १७.१ न्यूटन मीटर टॉर्क ६,५०० ला. म्हणजे गाडीचा जीव वर आहे. दगडांतून माणसाच्या चालीने जाताना इंजिन दोन-अडीच हजारांवर असतं आणि तिथे तिच्याकडे देण्यासारखं फार नसतं. मग चालवणारा काय करतो? रेस वाढवतो, हाफ क्लचवर गाडी धरतो आणि क्लच प्लेटा तापवतो.

यात गाडीचा दोष आहे असं मी म्हणणार नाही. हायवेलाही चालायला हवी आणि मातीतही, अशी तडजोड करूनच ही गाडी बनते. फक्त ती तडजोड आपल्या रस्त्यांना जुळते का, ते ज्याने त्याने बघायचं.

आधी मोजलं, मग बोललो

स्प्रॉकेट विकत घ्यायच्या आधी गाडी स्टँडवर चढवून जे आहे ते मोजायचं, हा माझा हट्ट असतो. सेकंडहँड गाडीत आधीच्या मालकाने काय करून ठेवलंय ते आरसी बुकावर लिहिलेलं नसतं.

क्लचच्या लिव्हरला फ्री प्ले (मोकळी ढील) जवळजवळ नव्हता. केबल इतकी ताणलेली की लिव्हर सोडल्यावरही प्लेटा पूर्ण दाबल्या जात नसाव्यात. वासाचं एक कारण इथेच सापडलं. ॲडजस्टर फिरवून लिव्हरच्या टोकाला बोटभर ढील दिली, हे काम फुकटचं.

मग दात मोजले. एका दाताला मार्करची खूण करून चाक हळूहळू फिरवलं: मागे ३९. पुढच्या स्प्रॉकेटवर आकडा कोरलेला होता: १३. भागाकार सरळ ३.००. म्हणजे इंजिनकडचं स्प्रॉकेट तीन वेळा फिरेल तेव्हा मागचं चाक एकदा फिरेल. हा भागाकार जितका मोठा तितकी ओढ जास्त. ही जोडी सगळ्याच एक्सपल्सवर असेल असं गृहीत धरू नका. पुढच्या मॉडेलांत बदल झालेत, आणि आधीच्या मालकाने चेनसेट बदलताना दुकानदाराने जो दिला तो बसवलेला असू शकतो.

चेन ४२८ ची. यातला पहिला आकडा पिचचा, म्हणजे चेनच्या दोन पिनांमधल्या अंतराचा, इंचाच्या आठव्या हिश्श्यांत. चार अष्टमांश म्हणजे अर्धा इंच, १२.७ मिलिमीटर. चेनची झीज बघायला मी वीस कड्या ताणून मोजतो. नव्या चेनच्या वीस कड्या २५४ मिलिमीटर भरतात आणि २५९ च्या पुढे गेल्या की चेन संपली असं मी धरतो. त्याची २६० भरली. त्यामुळे चेनसेट नाहीतरी बदलायचाच होता, प्रश्न फक्त कोणत्या दातांचा एवढाच उरला.

आणि मग मागचं टायर. खरी गंमत तिथे निघाली. गाडीला मूळचं टायर १२०/८०-१८. आधीच्या मालकाने हौसेने १२०/९०-१८ चं मोठ्या बटणांचं टायर चढवलेलं होतं. बघायला रुबाबदार. पण ८० च्या जागी ९० म्हणजे टायरची उंची रुंदीच्या ८० टक्क्यांवरून ९० टक्क्यांवर गेली. हिशेबाने मूळ टायरचा व्यास ६४९ मिलिमीटर आणि याचा ६७३. घेर २०४ सेंटीमीटरचा २११ वर गेला, म्हणजे जवळपास पावणेचार टक्के वाढला. चाक एका फेरीत जास्त अंतर कापतं, त्यामुळे गाडीचं गिअरिंग आपोआप त्या प्रमाणात लांब होतं. कागदावर ३.०० असलेला भागाकार मूळ टायरच्या मापाने पाहिला तर २.८९ झालेला. पोरगा बारा दातांचं स्प्रॉकेट शोधत फिरत होता, आणि त्या एका दाताने जे मिळतं त्यातलं निम्म्याच्या आसपास टायरने आधीच खाऊन टाकलं होतं.

हे त्याला पटायला वेळ लागला. "टायरने पिकअप कसं जाईल?" मग फरशीवर खडूची रेघ मारली, टायरवर रेघ मारली आणि चाकाची एक फेरी ढकलून अंतर मोजलं. वजनाने टायर थोडं दबतं म्हणून आकडा हिशेबापेक्षा कमी येतो, पण शेजारच्या मित्राच्या मूळ टायरवाल्या गाडीशी ताडून पाहिल्यावर फरक डोळ्यांनी दिसला.

दातांचं गणित

पुढचा एक दात कमी करणं म्हणजे मागचे सुमारे तीन दात वाढवणं. ३९ ला १३ ने भागून जे तीन येतात, तेच हे तीन. कोणत्याही गाडीला हाच अंदाज लावता येतो.

आमच्यापुढे चार जोड्या होत्या. १२/३९ म्हणजे ३.२५, मूळपेक्षा आठ टक्क्यांनी जास्त ओढ. १३/४२ म्हणजे ३.२३, जवळजवळ तेवढंच. १२/४० म्हणजे ३.३३, अकरा टक्के. आणि त्याच्या मनातली १२/४२ म्हणजे ३.५०, थेट पावणेसतरा टक्के.

ओढ जेवढी वाढते तेवढीच पळ कमी होते, यात फुकट काही नाही. त्याच्या गाडीवर मूळ मापाने पाचव्या गिअरमध्ये ८० च्या वेगाला इंजिन साधारण ६,००० वर चालतं असं धरलं, तर १२/४० ला ते ६,६५० च्या घरात जातं आणि १२/४२ ला ७,००० वर. १२/४२ ने जुन्या हायवेवरून लोणावळ्याला जाणं म्हणजे सतत ओरडणाऱ्या इंजिनावर बसून जाणं.

पण १२/४२ नको म्हणण्याचं माझं मोठं कारण हायवे नव्हतंच. स्प्रॉकेट बदललं की पाचही गिअर एकाच प्रमाणात खाली येतात, गिअरांमधल्या फटी तशाच राहतात. पहिला गिअर फारच खाली गेला की तो चढावर दहा-पंधरा फुटांत संपतो, मधेच दुसरा टाकावा लागतो, आणि सुट्या दगडांवर मधेच गिअर बदलला की चाकाची पकड सुटते. शिवाय पहिल्यात थोडी जरी रेस जास्त झाली तरी पुढचं चाक उचलतं. चढ एका गिअरमध्ये सुरुवातीपासून शेवटपर्यंत निघावा, एवढंच गिअरिंगकडून मागायचं असतं. "सगळ्यात जास्त ओढ" ही मागणीच चुकीची.

१३/४२ चा मी थोडा जास्त विचार केला, कारण यांत्रिक दृष्ट्या ती सभ्य जोडी आहे. पुढचं स्प्रॉकेट जितकं लहान तितकी चेन जास्त वाकते. तेरा दातांचा पिच व्यास (चेनच्या पिना ज्या वर्तुळावर बसतात त्याचा) ५३ मिलिमीटर, बाराचा ४९. दोन मिलिमीटरने चेन स्विंगआर्मच्या (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याच्या) जवळ येते आणि त्यावरचा रबरी चेन स्लायडर लवकर खाल्ला जातो. बारा दातांवर चेनचा वेगही प्रत्येक दातागणिक किंचित जास्त कमी-जास्त होतो, हळू चालताना पायाला तो थरथराट कळतो. १३/४२ मध्ये हे टळतं. पण मागचं स्प्रॉकेट सहा मिलिमीटर खाली येतं, दगडाला आणखी जवळ. आणि चेनची लांबी पुरत नाही.

लांबीचा हिशेब असा. दोन्ही स्प्रॉकेटच्या दातांची बेरीज जितकी वाढेल, त्याच्या चौथ्या हिश्श्याइतक्या कड्यांनी मागचा अॅक्सल पुढे घ्यावा लागतो. तीन दात वाढले तर पाऊण पिच, म्हणजे साडेनऊ मिलिमीटर. नव्या चेनला तेवढी जागा स्विंगआर्मच्या खाचेत मिळते का, हे बघूनच पैसे टाकायचे. उलट १२/४० ची बेरीज ५२ आणि मूळच्या १३/३९ चीही ५२. अॅक्सल होता तिथेच राहतो, चेन कापायची नाही की जोडायची नाही. मूळ लांबीची चेन सरळ बसते. बाजारात चाळीस दातांचं मागचं स्प्रॉकेट सहज मिळतं, बेचाळीससाठी शोधाशोध करावी लागते किंवा ऑर्डर देऊन बनवून घ्यावं लागतं.

कंपनीनेही या गाडीसाठी रॅली किट काढलं होतं, ३८,००० रुपयांचं. त्यात सस्पेन्शन पुढे २५० आणि मागे २२० मिलिमीटरपर्यंत वाढायचं, बटणांची टायर, सपाट सीट, हँडल रायझर, लांब गिअर लिव्हर असं सगळं यायचं. आमच्या बजेटच्या जवळपास दुप्पट. त्यामुळे तो विषय तिथेच संपला.

मेलेल्या चेनवर ट्रायल

चेनसेट घ्यायच्या आधी मी त्याला फक्त बारा दातांचं पुढचं स्प्रॉकेट आणायला लावलं. साडेतीनशे रुपये. जुन्या चेनवर नवं स्प्रॉकेट चढवू नये हा नियम मलाही माहीत आहे, ताणलेली चेन नवे दात लवकर खाते. पण ती चेन भंगारात जाणारच होती, आणि साडेतीनशे रुपयांत जर कळणार असेल की पुढचे सहा-सात हजार कुठे घालायचे, तर ते स्प्रॉकेट खराब झालं तरी वसूल. अट एकच, हायवेला न्यायची नाही.

गावात उभ्या-उभ्या होणारं काम आहे. गिअर लिव्हर काढा, कव्हर काढा, आतला चेनच्या तेलाचा आणि मातीचा काळा लगदा स्क्रूड्रायव्हरने खरवडून काढा (तो इतका निघाला की सील गळतंय का म्हणून मी पुन्हा पुसून पाहिलं), मागचा ब्रेक दाबून धरून बोल्ट सैल करा, लॉकप्लेट फिरवून काढा. एक दात कमी झाल्यामुळे अॅक्सल तीन मिलिमीटर मागे गेला. चेन आधीच ताणलेली असल्यामुळे ॲडजस्टरला तेवढीच जागा उरली होती.

ट्रायलची जागा पवना धरणाच्या मागच्या अंगाची बैलगाडीची वाट, ओळखीच्या शेतकऱ्याच्या जमिनीतून जाणारी. हे सांगायचं कारण असं की मावळात "मोकळी जागा" दिसते त्यातली बरीचशी वनखात्याची किंवा कुणाच्या तरी गवताची असते. विचारून गेलं तर चहा मिळतो, न विचारता गेलं की पुढच्या वेळी वाटेवर काटे पडलेले असतात. गडांच्या वाटांवर गाडी घालणाऱ्यांबद्दल मी इथे लिहीत नाही, लिहिलं तर लेख तिकडेच जाईल.

वाटेचे तीन तुकडे आहेत. खाली सुटा मुरूम, मधे काळ्या कातळाची गुडघ्याएवढी पायरी, वर गोट्यांनी भरलेलं एक वळण. आधी तेरा दातांवर तो जायचा तेव्हा पायरीच्या आधी वेग कमी केला की इंजिन गुदमरायचं, म्हणून तो हाफ क्लचवर रेस करून पायरीवर उडी मारायचा. उडी मारल्यावर वळणासाठी वेग जास्त व्हायचा आणि तिथे गाडी पडायची. वासाचं उरलेलं कारण आणि पडण्याचं कारण एकच होतं.

बारा दातांवर त्याच मोठ्या टायरसकट भागाकार मूळ मापाने ३.१३ झाला. फरक लगेच दिसला. पायरीआधी क्लच पूर्ण सोडलेला, गाडी पहिल्यात शांत चढली. पण वळणावरचे गोटे अजून हाफ क्लच मागत होते. म्हणजे दिशा बरोबर आणि मात्रा थोडी कमी. खाली आल्यावर तो स्वतःच म्हणाला, "दादा, अजून थोडं." ते "थोडं" टायरमध्ये होतं.

काय घेतलं आणि काय नाही

मागे ११०/९०-१८ चं बटणांचं टायर घेतलं, ३,८०० रुपयांना. हिशेबाने व्यास ६५५ मिलिमीटर, मूळपेक्षा एक टक्काही जास्त नाही. अरुंद टायर म्हणून त्याने नाक मुरडलं. रुंद टायर चिखलावर तरंगतं आणि अरुंद टायर खाली घट्ट जमीन शोधतं, हे काळ्या मातीत गाडी घातल्यावर पहिल्या पावसात कळतं.

चेनसेट ओ-रिंग चेनचा, १३ आणि ४० दातांचा, २,९०० रुपये. पुढे त्यातलं तेरा न बसवता नवं बारा बसवलं, ट्रायलचं बारा भंगारात. आता मूळ मापाने भागाकार ३.३० झाला. म्हणजे गाडी आली तेव्हाच्या २.८९ पेक्षा एकूण चौदा टक्के जास्त ओढ. यातला सुमारे एक पंचमांश वाटा टायरचा. पहिल्या गिअरमध्ये इंजिन न गुदमरता जिथे आधी १० चा वेग लागायचा, तिथे आता पावणेनऊला भागतं. आकडा किरकोळ वाटतो, दगडांत तो सव्वा किलोमीटरचा फरक म्हणजे पाय टेकायचा की नाही एवढा असतो.

चाकणच्या रस्त्याचं काय? तळेगाव-चाकण रस्त्यावर शिफ्टच्या वेळेला ट्रेलरच्या रांगेतून ५० निघालं तरी देवाचे आभार. पाचव्यात ८० ला आता इंजिन ६,६०० वर असतं आणि १०० ला सव्वाआठ हजारांवर, म्हणजे १०० हीच आरामाची वरची मर्यादा. आधीपेक्षा लिटरमागे दोनेक किलोमीटर कमी पडतात असं त्याचं म्हणणं, आणि टाकी फुल करून मोजल्यामुळे मी ते मानतो. वेग मात्र फोनच्या जीपीएसवर बघितला. ज्या गाडीचा स्पीड सेन्सर गिअरबॉक्सकडे असतो तिचा मीटर स्प्रॉकेट बदलल्यावर खोटं बोलतो, पुढच्या चाकावर असेल तर नाही. कुठलीही गाडी असो, एकदा ताडून पाहिलेलं बरं.

चेनची ढील मोजताना बरेच मेकॅनिक गाडी मेन स्टँडवर लावून बोटाने चेन वर-खाली करतात आणि निघून जातात. लांब ट्रॅव्हलच्या गाडीत हे धोक्याचं. सस्पेन्शन दबत जातं तशी चेन ताणली जाते. पुढचं स्प्रॉकेट, स्विंगआर्मचा पिव्होट आणि मागचा अॅक्सल एका रेषेत येतात तेव्हा ती सर्वांत घट्ट असते. त्या स्थितीत थोडी तरी ढील उरायलाच हवी, नाहीतर गिअरबॉक्सच्या शाफ्टचं बेअरिंग आणि सील जातं. आम्ही दोघांनी सीटवर बसून आणि मागून पट्ट्याने दाबून ती जागा गाठली आणि तिथे मोजलं.

बाकीच्या गोष्टी पटकन सांगतो. हँडलला दोन्ही टोकांना पकडणारे धातूचे हँडगार्ड, २,२०० रुपये. मूळचं प्लॅस्टिक वारा अडवतं, दगड नाही. इंजिनाखाली जाड बॅश प्लेट, २,७००. क्लचची नवी केबल, इंजिन ऑइल, फिल्टरची सफाई असं मिळून १,३००. ऑइल जेएएसओ एमए२ प्रतीचं, कारण या गाडीचा क्लच इंजिनाच्या तेलातच बुडालेला असतो आणि कारचं घसरतं तेल घातलं की तो सुटायला लागतो. प्लेटा उघडून पाहिल्या, चकाकी आलेली पण जाडी शिल्लक होती. त्याच ठेवल्या. गुडघ्याचे गार्ड २,५००. ते त्याच्या यादीतच नव्हते, मी घालायला लावले. वीस हजारांतले चार हजारांच्या आसपास उरले.

पैसे न लागणारी कामं मात्र त्याने सगळ्यात शेवटी मनावर घेतली, आणि मला विचाराल तर चौदा टक्क्यांइतकाच फरक त्यांनीही पाडला. हँडल क्लॅम्पमध्ये थोडं पुढे फिरवलं आणि लिव्हर खाली झुकवल्या, म्हणजे उभं राहून चालवताना मनगट मोडत नाही. लिव्हरच्या क्लॅम्पखाली टेफ्लॉन टेपचे दोन वेढे घेऊन बोल्ट पुरेसेच आवळले. गाडी पडली की लिव्हर फिरते, तुटत नाही. फूटपेगचं रबर काढलं. टायरमधली हवा मातीत गेल्यावर १८ ते २० पीएसआय ठेवायची आणि परतताना गावातल्या पंक्चरवाल्याकडे भरून घ्यायची. त्याखाली जायचं नाही, आपला बेसाल्ट धारदार आहे, ट्यूब रिमच्या कडेला चिमटते आणि पंक्चर सापाच्या चाव्यासारखं दोन भोकांचं होतं.

मागच्या शॉकचा प्रीलोड (स्प्रिंगला आधीच दिलेला दाब) मोजून लावला. गाडी स्टँडवर असताना अॅक्सलपासून सीटखालच्या एका बोल्टपर्यंतचं अंतर, मग हेल्मेट-गार्ड असा सगळा जामानिमा घालून तो उभा राहून हळूच बसल्यावरचं अंतर. फरक ६८ मिलिमीटर आला. १७० च्या ट्रॅव्हलला साधारण तिसरा हिस्सा, म्हणजे पन्नास ते पंचावन्न हवा. प्रीलोड चढवून ५४ वर आणला. मागची बाजू थोडी वर आल्यावर गाडी वळणात लवकर वळायला लागली. याआधी "पुढचं टायर धरत नाही" अशी जी तक्रार होती ती टायरची नव्हतीच.

पुढचा फोर्क अजून मऊ आहे. पायरीवरून उतरताना तो खाली टेकतो. घट्ट तेल घालून तात्पुरतं भागतं, पण स्प्रिंग त्याच्या वजनाला कमी पडते आहे, तेलाने स्प्रिंगचं काम होत नाही. उरलेले चारेक हजार फोर्क स्प्रिंगसाठी राखून ठेवायला सांगितले. त्याचा डोळा अजून सायलेन्सरवर आहे.

कायद्याचं एक बोलून ठेवतो. मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम गाडीच्या मूळ रचनेत फेरफार करायला मनाई करतं आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा फेरफाराला मालकावर प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंडाची तरतूद झाली. इंजिन, चॅसी, सायलेन्सर यांना हात लावला की तुम्ही सरळ त्यात सापडता. झिजलेला चेनसेट बदलणं ही देखभाल आहे. तरी विमा कंपनीला आणि आरटीओला जे दिसेल ते सांगता येईल एवढ्याच मर्यादेत राहावं.

पावसाळा संपल्यावर गाडी पुन्हा स्टँडवर घेतली. वीस कड्या २५५ मिलिमीटर, दातांची टोकं अजून आकड्यासारखी वळलेली नाहीत, चेन स्लायडरवर मात्र खाच दिसायला लागली आहे. ती चेनच्या ढिलीपेक्षा बारा दातांमुळे आहे. तिची खोली दर सर्व्हिसला बघायची. दिवाळीत त्याला मुंबई-गोवा हायवेने घरच्यांकडे रत्नागिरीला जायचं होतं, तेव्हा किटमधलं तेरा दातांचं स्प्रॉकेट कामाला आलं. १३/४० वर या टायरसकट भागाकार ३.०५, जवळजवळ मूळ गाडी. एक दात वाढल्यामुळे अॅक्सल तीन मिलिमीटर पुढे सरकवावा लागला. आल्यावर बारा परत चढलं, अॅक्सल पुन्हा मागे, चेनची ढील पुन्हा त्याच एका रेषेत मोजून. आता हे काम तो माझ्याशिवाय करतो.